भाग क्रमांक दोनशे सतरा

माझ्याकडे तीन खुणा असतात.
टिक म्हणजे आपला, फुली म्हणजे त्यांचा,
गोल म्हणजे नुसतं 'बघू' म्हणणारा माणूस.

बावीस वर्षं ही यादी माझ्याकडे.
अंबडच्या कंपनीत गेज तपासायचो,
केसाएवढा फरक बोटाला कळायचा. तसंच हे.
कोठावदेंच्या गच्चीवरचा झेंडा किती विटलाय,
बच्छाव वकिलांच्या दारात कोणता पेपर पडतो,
ठोकेमामींनी कोणाच्या हळदीकुंकवाचा डबा
ओट्यावर ठेवलाय आणि कोणाचा मोलकरणीला दिलाय,
यावरून खूण करायची.
विचारत कोणालाच नाही.
विचारलं की माणूस खोटं बोलतो.

मतदानाच्या दिवशी शाळेपासून दोनशे मीटरवर
आमचं टेबल आणि त्यांचं टेबल
एकाच कडुनिंबाखाली,
कारण सिडकोत सावली तेवढीच.
त्यांचा अहिरे माझ्याच डब्यातला ठेचा खातो.
यादी त्याच्याकडेही हीच,
खुणा फक्त उलट्या.

सातला रो हाउसवाले आले, आंघोळी करून.
नऊच्या आत पहिली पाळी सुटलेले,
गळ्यात कंपनीचं ओळखपत्र, डोळे लाल.
मग दोन वाजता कोणीच नाही.
ऊन असं, की पांडवलेण्याचा डोंगर
धुतलेल्या पातेल्यासारखा पांढरा.

नवीन टॉवर. अकरा मजले, एकशे बत्तीस नावं.
आली एकोणचाळीस.
फोन लावला तर मागे पाण्याचा आवाज, पोरांचा कल्ला,
"काका, आम्ही भंडारदऱ्याला! सुट्टी जोडून आली ना."
तिथे माझी कोणतीच खूण चालत नाही.

अहिरे म्हणाला, "तुमचे निघेनात."
मी म्हणालो, "तुमचे तरी कुठे?"
आम्ही हसलो. मग बराच वेळ
रिक्षा जाताना बघत बसलो.

अनुक्रमांक चारशे दोन, निंबा शंकर खैरनार.
वारले त्याला दोन वर्षं झाली, नाव आहे.
त्यांची सून शैला, वय चौतीस. नाव नाही.
तीन वेळा फॉर्म भरला होता म्हणाली.
माझ्या हातून यादी घेऊन
बोट लावून लावून वाचत गेली, पान उलटलं, परत पहिल्यापासून.
सासऱ्याच्या नावापुढे माझी टिक होती,
याच वर्षीची, निळी.
ती तिने पाहिली.
काही बोलली नाही, पदराने मान पुसली आणि गेली.

साडेचारला पुष्पलता आली.
अनुक्रमांक पाचशे अठरा. स्त्री. एकोणसाठ.
बावीस वर्षं डोळे झाकून टिक.
आपल्याच घरचं गेज कोण तपासतं?
माझ्या टेबलापाशी थांबली नाही.
चिठ्ठी अहिरेकडून घेतली.
परत येताना म्हणाली, "तिथे गर्दी नव्हती."
गर्दी माझ्याकडेही नव्हती.

अहिरेने खाली बघून पेन चालवलं.
काय खूण केली असेल, मी मान वळवली नाही.
मी टिक खोडली. कागद तिथे पातळ झाला.
गोल काढायला गेलो तर पेन्सिल आरपार,
पाचशे अठराच्या जागी एक भोक,
त्यातून पुढच्या पानावरचं कोणीतरी दिसत होतं.

रात्री आकडे जुळवत बसलो. एक्कावन्न टक्के आणि वर थोडं.
ती कणीक मळत होती,
नखावरची शाई पिठात बुडायची, वर यायची.
कितीदा तरी ओठांपर्यंत आलं.
"उद्या पाणी येणार नाही," ती म्हणाली,
"टाकी बघून या."

गच्चीवर गेलो.
समोरच्या टॉवरमध्ये लोक परतत होते.
एकेक मजला उजळत होता, चौथा, नववा, मग एकदम सहावा.
मी खिडक्या मोजत उभा राहिलो, सवयीने,
एकशे बत्तीसपर्यंत जातात का बघत.
टाकीचं झाकण उघडायचं राहूनच गेलं.