सोसायटीचा कॉम्प्युटर, हर्णै

फुटलेल्या कपॅसिटरला माशाचा वास येतो.
दुसऱ्या गावात नाकावर भागतं;
हर्णैत झाकण उघडावंच लागतं.

चोगल्यांनी तो गोणपाटात बांधून आणला,
मच्छीमार सोसायटीचा, शहाऐंशी सालचा.
पत्रा खाऱ्या वाऱ्यानं खाल्लेला,
पंख्यात पालीची दोन अंडी,
सप्लायमधल्या चार कपॅसिटरांच्या टाळू फुगलेल्या.
"नवा घ्या," म्हटलं.
"नव्यात काय हाय? ह्यात बर्फाची उधारी हाय."

प्लग काढून दोन दिवस झाले होते.
तरी आधी रेझिस्टर लावून त्याचं पोट रिकामं केलं.
विशीत असताना मी बंद म्हणजे बंद समजायचो,
एकदा कोपरापर्यंत कळलं.

पाटीवरचा हिरवा गंज
टूथब्रश नि स्पिरिटनं घासला.
नवे कपॅसिटर रत्नागिरीहून एसटीच्या पार्सलनं आले,
एक उंच निघाला,
त्याला आडवा निजवला, खाली डिंकाचा थेंब.

मग लाइनीत शंभरचा पिवळा बल्ब.
पेटून राहिला तर आत कुठेतरी शॉर्ट,
पेटून मंदावला तर जमलं.

बल्ब भडकला.
चोगल्यांनी माझ्याकडे पाहिलं, मी बल्बकडे.
पंखा कुरकुरला.
मंदावला.

काचेवर हिरवी अक्षरं यायला वेळ लागला,
आणि आल्या आल्या त्यानं विचारलं,
आजची तारीख?

मी टाकणारच होतो.
चोगल्यांनी मनगट धरलं.
"थांब. शहाऐंशीतली घाल.
दिवाळीच्या आधीची कुठलीपण.
पावश्यांची होडी तवा बंदरात होती."