दीडशे पाहुणे

रॉटरडॅम. सातवा मजला. कानांवर हेडफोन.
नझिहा रिफी बोली ऐकते, डचमध्ये उतरवते.
नऊ महिने झाले: या माणसाचा खोकला,
दाढदुखीचं रडगाणं,
आईला रोजची थाप, "जेवलो गं."

आज तो म्हणाला,
"गुरुवारी लग्न आहे. पाहुणे दीडशे."

साहेब विचारतात, लग्न म्हणजे?
मागच्या खेपेला लग्न म्हणजे स्टेशन होतं,
पाहुणे म्हणजे खिळे.

ती रेकॉर्डिंग मागे नेते. पुन्हा. पुन्हा.
'लग्न' म्हणताना त्याचा आवाज जरासा हलतो,
तसा तिच्या बापाचाही हलला होता
तिची पाठवणी करताना.

ती लिहिते: लग्न.
शेजारी पेन्सिलनं, बारीक, प्रश्नचिन्ह.
खोडते.
खाली गाड्या सुरू झाल्यात.