दुसऱ्याला उठवताना

अक्कलकोट रोडच्या शेडमध्ये, पत्र्याखाली,
रात्री दीडलासुद्धा अंगाला चिकटणारा मे.
टेबलावर नखाएवढी चिप,
तिच्या पोटात दोन कोअर.
वीज आली की पहिला आपसूक उठतो.
दुसरा तसाच पडून राहतो
कुणीतरी रीतसर हाक मारेपर्यंत.

रीत ठरलेली आहे.
आधी शून्य. परत शून्य. मग एक.
मग तक्ता कुठे टांगलाय ते,
त्याने आपली भांडी कुठे रचायची ती जागा,
आणि शेवटी, काम कुठल्या ओळीपासून धरायचं.
दर शब्द त्याने जसाच्या तसा परत म्हणायचा.
एक चुकला
की पुन्हा पहिल्या शून्यापासून.

मॅन्युअलमध्ये हे वाचलं तेव्हा हसूच आलं.
हे तर मला येत होतं.

नायना जॉबर होते, भद्रावती पेठेत.
चोवीस मागांच्या खडखडाटात
तोंडाचा उपयोग फक्त तंबाखूला.
पाळी सुटताना रातपाळीच्या इरेशमला
ते सगळं बोटांनी सांगायचे:
दहा बोटं आणि एक, म्हणजे अकरावा माग.
पालथा तळहात, बीम संपत आलाय.
अंगठ्याचा झटका, धोटा उडतोय, जपून.
इरेशम समोर उभा राहून तेच करून दाखवायचा.
चुकला की नायना मान हलवायचे,
पहिल्यापासून.
मी दारात, सात वर्षांची, रिकामा डबा घेऊन,
माझीही बोटं चालायची.

तर आज सगळे शब्द बरोबर परत आले.
सहाच्या सहा.
दुसरा उठला
आणि मोराच्या जागी
टॉवेलभर कसलेसे ठिपके विणत सुटला.

नक्षी, ओळींची संख्या, वेग,
हे मी एका चिठ्ठीवर लिहिलं होतं
आणि त्याला दिला होता नुसता चिठ्ठीचा पत्ता.
पत्ता खरा होता.
पण ज्या फंक्शनच्या फळीवर चिठ्ठी ठेवली
ते आपलं काम उरकून केव्हाच निघून गेलं,
आणि त्या फळीवर दुसऱ्याच कुणी
आपला हिशेब मांडून बसलं होतं.
बिचारा तो हिशेब इमानाने विणत होता.
आणि मी त्याला शिव्या घालत होते. चार रात्री.

चिठ्ठी हलवली, कुणी पुसणार नाही अशा जागी.
पहिल्याला बजावलं:
लिहिलेलं खरंच उतरलं का बघ, मगच हाक मार,
आणि तो 'वाचलं' म्हणेपर्यंत जागचा हलू नकोस.
तीन ओळींचं काम.
मोर आला. मान जरा आखूड,
पण तो दोष नक्षीवाल्याचा.

घरी आले तर नायना ओट्यावर जागे.
कान मागांनीच नेले,
मशीन आणलंय ते टेबलाच्या खणात.
मी हात उडवून सांगितलं, झालं.
ते थोडा वेळ बघत राहिले.
मग बोटं उचलली:
दहा आणि एक. पालथा तळहात. अंगठा.
आणि शेवटी एक खूण, मूठ छातीशी, दोनदा,
जी मी कधी पाहिली नव्हती.
तिचा अर्थ इरेशमला ठाऊक असेल.
इरेशम सुरतेला गेला, त्यालाही वर्षं झाली.

मी सगळं परत करून दाखवलं,
मुठीसकट, अंदाजाने.

नायनांनी मान हलवली.

मी पिशवी खाली ठेवली
आणि दहा बोटं वर केली.