फुटाला एक सूत

मगदूमांच्या नातवानं पुण्याहून किल्ली पाठवली कुरिअरनं,
कारण इथं ओळखीची म्हणून मीच उरले होते.
किल्ली लागलीच नाही. कडीच हातात आली.
"जपून ताई," दस्तगीर मुल्लाणी म्हणाला,
"पत्रा कवा खाली यील, सांगता येत न्हाई."
तो भंगाराचा भाव करायला आलाय.
मी कशाला आलेय, ते मी त्याला नीट सांगितलेलं नाही.

उद्यमनगरच्या या बोळात
शेजारी अजून लेथ फिरतात,
पलीकडे कुणी टेम्पोच्या फाळक्यावर मोर काढतंय,
आणि मध्येच ही फौंड्री,
पंगतीतून उठून गेलेल्या माणसाच्या पाटासारखी.

आत काळी रेती.
पाऊल टाकलं की टाचेची कडासुद्धा मोडत नाही.
गळक्या पत्र्यानं तिला ओली ठेवलीय,
आणि ती शिकवलेलं काम करतेय:
जे टेकेल त्याचा साचा धरायचा.
मांजराचे पंजे. एक बूच. आता मी.

कोपऱ्यात भट्टी.
शेवटच्या ओतणीला वीज गेली, ब्लोअर थांबला,
आणि तिच्या पोटातलं लोखंड पोटातच गोठलं.
दस्तगीरनं पहारीनं ठोकून पाहिलं.
आवाज आला नाही म्हटलं तरी चालेल.
"ह्याचं वजन धरणार न्हाई मी. हे कटरनं बी निघायचं न्हाई."
त्यानं वहीत एक आडवी रेघ मारली.

फळीवर ओळीनं कोअर, काकवीत मळलेल्या रेतीचे,
भाजून ठेवलेले, न वापरलेले.
मुंग्यांची रांग अजून चालू.
यल्लाक्का इथं बसून ते वळायची,
आणि बोटं चाटून म्हणायची,
"इंजनाला बी गुळाशिवाय आकार येत न्हाई बघ कोल्हापुरात."

मग जिना. वर पॅटर्नखोली.
माझे वडील, हिंदुराव सुतार,
एकोणतीस वर्षं लोखंडाची लाकडं करत इथं बसले.
सागवानी फ्लायव्हील, सागवानी सिलिंडर,
लाल रंग, उंदरांनी कुरतडलेल्या कडा,
आणि पाठीवर पेन्सिलीनं त्यांचं अक्षर:
साडेसहा हॉर्स. दुरुस्त. पुन्हा दुरुस्त.

त्यांची पट्टी माझ्या पर्समध्ये आहे.
सातवीत असताना ती मी चोरून शाळेत नेली होती.
दहा सेंटिमीटरची रेघ काढा, म्हणाल्या बाई.
काढली. त्यांनी मोजली.
एक मिलिमीटर जास्त.
पुन्हा काढली. पुन्हा जास्त.
हातावर छडी, आणि वर्गभर हसू.
घरी वडील माझ्या हाताला तेल लावत
आधी हसले, मग गप्प झाले.
"पोरी, लोखंड निवताना आकसतं.
म्हणून आमची पट्टीच मुळात मोठी.
फुटाला एक सूत.
ती खोटी न्हाई, ती पुढचं बघून बोलती."

सीपीआरमध्ये शेवटी चादरीखाली
ते किती लहान दिसत होते.
मी कडेला उभी राहून हिशेब करत होते,
पाच फूट सात इंच, म्हणजे किती सूत.
हिशेब बसेना. तोटा फार जास्त होता.

खाली दस्तगीर टेपनं गर्डर मोजतोय.
"बारा फूट."
मी उतरून माझी पट्टी लावली, बारा वेळा,
खडूनं खुणा करत.
"दीड इंच कमी भरतंय," म्हटलं.
त्यानं पट्टी हातात घेतली,
टेपशेजारी धरून पाहिली, डोळे बारीक केले.
"ताई, ही पट्टी खोटी हाय.
पर हिनंच मोजा की सगळं. माझाच फायदा हाय."

मी हसले. ती त्याच्याकडून परत घेतली.
फ्लायव्हील काखेत मारलं.
"लाकडाचं काय घ्यायचं," तो म्हणाला, "न्या तसंच."
दारातून ते मावेना.
आडवं केलं, तिरकं केलं,
शेवटी चौकटीला लाल रंगाचा एक ओरखडा काढून
बाहेर आलं.