राखीव

ताडदेवच्या अंधशाळेतून छपाईयंत्र आलं
तेव्हा तोरसकरबाईंनी फोनवर एवढंच सांगितलं:
आमचं यंत्र बोबडं बोलतंय.
घरचं घल छापतंय, दर मागितला तर चल.

पाचवा ठिपका उठत नव्हता.
सुई ठीक, तार ठीक.
जळकी चिप आम्हीच बदललेली, नवी आवृत्ती,
तिला पाचवी सुई माहीतच नाही
किंवा माहीत आहे आणि सांगत नाही.

कंपनीला लिहिलं. उत्तर: किती नग घेणार?
एक, मी लिहिलं. घेतलाय आधीच.
मग चौदा पानी करार आला.
सही करा, वाचा, आणि वाचलेलं
कुणाला सांगू नका.

शबीरभाईंचे आजोबा घड्याळजी.
ते म्हणाले, झाकण काढलं की घड्याळ सगळं ओकतं,
कुठला दात कुठल्या दातात.
हिच्या आत बघ, नुसती काळी राळ.

शेवटी लॅमिंग्टन रोडवरच, समोरच्या गाळ्यात
तिरकी झेरॉक्स सापडली, अर्ध्या पुस्तिकेची.
पान एकेचाळीस. आठ चौकटी.
पाचांत नावं. तीनांत एकच शब्द: राखीव.
खाली बारीक टाइपात: इथे काही लिहू नये.

हा शब्द ओळखीचा आहे.
पॉलिटेक्निकच्या यादीत माझ्या नावापुढे होता,
वर्गात मागच्या बाकांवरून
खोकल्यासारखा यायचा.
तिथे त्याचा अर्थ, हा आत कसा आला.
इथे, आत येऊ नकोस.
शबीरभाईंना हे सांगितलं नाही. सोल्डर तापत ठेवलं.

रात्री शटर अर्धं ओढून लिहायला बसलो.
पहिल्या राखीवमध्ये एक: काही नाही.
दुसऱ्यात एक: बोर्ड गार.
वीज काढली, चहा मागवला, वीज दिली.
तिसऱ्यात एक
आणि यंत्रानं असा काही ठोका दिला
की वरच्या मजल्यावरून कुणीतरी ओरडलं.

सकाळी बाईंनी कागदावर बोट फिरवलं.
घर, म्हणाल्या. पुन्हा फिरवलं. घर.
मग विचारलं, केलंत काय नेमकं?
करारावर सही नव्हती, सांगायला मोकळा होतो.
त्या ऐकत गेल्या, टाइप करत गेल्या,
तिसऱ्या चौकटीशी थांबून म्हणाल्या, हळू.

ते पान आता शाळेच्या कपाटात आहे,
ठिपक्यांत, चौकट भरलेली.
मला ते वाचता येत नाही.
नववीतली एक मुलगी वाचून दाखवते.