परिस्थितीत बदल

पत्रात शेठनी लिहून दिलं होतं:
सौ. वसुधा धनराज झांबरे
आमच्या कारखान्यात कार्यरत आहेत.
खाली निळा शिक्का, जरा तिरका.
त्या ‘आहेत’वर आम्ही दोन वर्षं काढली.

दोन उन्हाळे कूलर घेतला नाही.
पारा शेचाळीसला टेकला,
गच्चीवर पाणी मारून झोपलो,
आता कशाला, जायचंच आहे, म्हणत.
सासूबाईंनी बिबडे केले ते दोघांपुरते,
आणि आषाढात आम्ही शेजारून मागून आणले.
खाली किराणावाले बोरोले
रोज विचारतात, “काबरं ताई, गेल्या नाही अजून?”
जणू गाडी चुकवून मी
भुसावळच्या फलाटावर बसलेय.

फाइलीत मुख्य अर्जदार मी.
धनराज अवलंबित.
त्याला हा शब्द फार आवडला.
कळण्याची भाकरी तोच थापतो, माझ्याहून गोल.
म्हणायचा, “खा, अवलंबिताच्या हातची.”

मग त्या गुरुवारी, तिसऱ्या पाळीत,
सात नंबरच्या मागावर
निंबाची दोन बोटं गेली.
चटई थोडा वेळ विणतच राहिली,
हिरवी-लाल, मोराची नक्षी.
जाळी महिनाभर काढून ठेवली होती.
वेग वाढतो त्यानं.

रजिस्टर माझ्याकडे.
सकाळी शेठ ओरडले नाहीत. चहा मागवला,
माझा बिनसाखरेचा, त्यांच्या लक्षात होतं.
म्हणाले, “ताई, एवढंच लिहा,
जाळी लावलेली होती.”
मग कप ठेवत,
“तुमचं ते तिकडचं कुठवर आलं?
फोन करतील ना ते, खात्री करायला?”

मी लिहिलं, नव्हती.
तारीख, वेळ, माग क्रमांक सात.
अक्षर नेहमीपेक्षा वाईट आलं.
राजीनामा वेगळ्या कागदावर.

शूरबिर काही नाही.
अजिंठा चौफुलीवर रिक्षा अडकली तेव्हा
मी गुणच मोजत होते:
वय, शिक्षण, भाषा, अनुभव.
वयाचे तर वाढदिवसागणिक कमी होतात,
त्यासाठी राजीनामा लागत नाही.

सिव्हिलमध्ये निंबाची आई कॉटच्या पायाशी बसलेली.
मी काय बोलू ते सुचेना, तीच बोलली,
“आंगठा शे ना पोऱ्याना, बस.”
शे म्हणजे आहे.
एवढी अहिराणी मला येते.
बाहेर येऊन नळावर तोंड धुतलं,
नळाचं पाणीही गरम.

रात्री लॅपटॉप उघडला.
आपल्या परिस्थितीत काही बदल झाला आहे का?
असल्यास तपशील द्या.
चौकोन केवढा तर हाताच्या पंजाएवढा.
धनराज म्हणाला, “गप बस ना. कोणाला कळतंय इतक्या लांब?”
मग बराच वेळ तव्याचाच आवाज.
मग म्हणाला, “लिहून टाक.”
नोकरी सोडली, एवढं लिहिलं.
का, ते चौकोनात मावलं असतं,
पण निंबाचं नाव तिथे टाईप होईना माझ्याच्यानं.

आठ दिवस झाले. स्क्रीनवर तेच:
अर्ज प्रक्रियेत आहे.
शेठनी पगार मात्र पूर्ण दिला, एक दिवसही न कापता,
तो मी दोनदा मोजला.

काल कूलर आणला.
लोखंडी, मोठा, दारातून आडवा करून घ्यावा लागला.
धनराज म्हणाला, “हा काही विमानात बसायचा नाही.”
मुलीनं बादलीनं पाणी भरलं, निम्मं फरशीवर.
पंप आधी घरघरला, मग थांबला, मग लागला.
वाळा भिजेपर्यंत
वारा गरमच येतो.
आम्ही तिघं समोर उभे.