प्रश्न चौथा, गुण आठ

कालिन्याचं तपासणी केंद्र, दुसरा मजला.
पंखा उत्तरपत्रिका उलटू पाहतो,
मी वर चष्म्याचं घर ठेवते.

प्रश्न चौथा. अपठित विलापिका.
छंद ओळखा, यमक आणि पुनरुक्तीचं कार्य सांगा.
खाली दोन कडवी, त्याखाली 'कवी अज्ञात'.
ते 'अज्ञात' मीच टाइप केलं होतं.

    चप्पल दाराशी
    तशीच ठेवली
    नाही हलवली
    तुझ्यासाठी

    केईएमच्या दारी
    चहा थंड झाला
    कोणी नाही प्याला
    तुझ्यासाठी

छंद बहुतेकांना सापडलाय: मोठा अभंग,
सहा, सहा, सहा, चार. दुसऱ्या-तिसऱ्यात यमक.
अर्धा गुण. अर्धा गुण.
'ठेवली, हलवली हे क्रियापदांचं यमक, म्हणून दुबळं.'
बरोबर आहे.
त्या आठवड्यात घरात क्रियापदंच उरली होती,
आणलं, नेलं, भरलं, सही केली.

एकजण लिहितो: 'केईएमच्या दारी' सात अक्षरं, छंदभंग.
'इस्पितळी दारी' केलं असतं तर दोष टळला असता.
मी बोटांवर मोजते. इ, स्पि, त, ळी...
खरंच की. सहा भरतात.
पण अच्युत इस्पितळात नव्हता रे,
केईएमला होता. वॉर्डाबाहेर, सतरंजीवर,
खाटांच्या हिशेबात एक जास्तीचा.

पुनरुक्तीवर सगळ्यांचं वाक्य एकाच गाइडातलं:
'पुनरुक्तीमुळे शोकाची तीव्रता वाढते.'
वाढत नाही.
पहाटे साडेतीनला, औषधांच्या पाठकोऱ्या बिलावर
मला तिथे दुसरा शब्द सुचला नाही, एवढंच.

आणि मग 'प्याला'.
कुणा पोरीनं त्याखाली रेघ मारलीय, लिहिलंय: श्लेष.
पिणं, आणि पिण्याचं भांडं.
एकवीस वर्षांत मला तो दिसला नव्हता.
भांडं म्हणजे कटिंगचा ग्लास होता खरं तर,
काठाशी टवका उडालेला,
साय धरलेला. चहावाल्यानं तो परत मागितला
तेव्हा आईनं पदरानं पुसून दिला.

तीच पोरगी पुढे म्हणते,
'चौथ्या चरणात दोन अक्षरं कमी पडतात,
त्या जागी मृताचं नाव असावं.'
नाही ग.
नाव तीन अक्षरी, त्यातलं एक जोडाक्षर.
बसवून पाहिलं होतं मी.

"मॅडम," सामंत सर वाकून बघतात,
"आठांपैकी नऊ दिलेत तुम्ही."
बाजूच्या टेबलावर कुणी हसतं.

मी नऊ खोडते. आठ करते.
खाडाखोडीपाशी, नियमाप्रमाणे,
पूर्ण नाव लिहून सही.